विटेऐवजी गव्हाची पिशवी

नोल्फा बार्रियेन्तोसच्या लाकडाच्या शेगडीवर हिवाळाभर एक अर्धी वीट असायची. किटली कधी असे, कधी नसे, वीट मात्र जागची हलायची नाही. शेजारी राहायला आले तेव्हा मी पहिल्याच दिवशी विचारलं, "काय गं, शेगडी बांधायला काढलीस की मोडायला?"

"पांत्रुकाची आहे ती," नोल्फा म्हणाली.

पांत्रुका म्हणजे तिची सशीण. आम्ही रश्शात कणकेचे चपटे तुकडे सोडतो ना, त्यांचंच नाव. बयाही तशीच होती, पांढरी, मऊ आणि बसेल तिथे पसरणारी. आमच्या चिय्यान गावात ससा म्हटला की माणसाला आधी कांदा आणि व्हिनेगर आठवतं, त्यामुळे आमच्या गल्लीत नोल्फाची चेष्टा व्हायचीच. समोरचे दोघे म्हातारे, दोघांचंही नाव लिबोरियो, रोज फाटकातून ओरडायचे, "नोल्फाबाई, जेवायला कधी बोलावताय?" आणि नोल्फा झाडू न थांबवता म्हणायची, "नवे दात बसवा आधी, मग बघू."

खरं तर सशीण तिची नव्हेच, नातीची. नोल्फाची मुलगी मार्सिया तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी आन्तोफागास्ताला गेली, पार वाळवंटात. बसमध्ये एक अख्खा दिवस आणि वर एक रात्र. सशिणीला तो प्रवास झेपला नसता, म्हणून आयेलेननं, सात वर्षांच्या पोरीनं, पिंजरा आजीच्या हातात दिला आणि म्हणाली, "मी दर रविवारी फोन करीन. अकरा वाजता. तिला जागं ठेव."

आणि पोरगी शब्दाची पक्की निघाली. तीन वर्षं दर रविवारी अकराच्या ठोक्याला फोन. मी तेव्हा माते, म्हणजे आमचा नळीनं ओढायचा कडू चहा, त्याचं भांडं घेऊन हटकून तिथेच असायची. "पांत्रुका जेवली का? कान दाखव. पाय दाखव. आज उडी मारली का?" पंधरा-वीस मिनिटं सगळं सशिणीचं. मग "बरंय आजी, येते" आणि फोन बंद. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा म्हणालेही, "आजी कशी आहेस एवढं विचारायला काय कारटीची जीभ झडते?"

नोल्फा हसली. "फोन पांत्रुकाला येतो, ओर्फे. मी नुसती धरून बसते." मग जरा वेळानं, मातेची नळी चोखता चोखता म्हणाली, "पण आवाज तर ऐकू येतो ना मला. ही गेली की तोही बंद. म्हणून हिला जपते बघ. मी काही फार मोठ्या मनाची नाही."

आता तुम्हाला वाटेल, सशाला जपायचं ते काय, गवत घातलं की झालं. मलाही तसंच वाटायचं. पण पांत्रुका आठ वर्षांची, मागच्या पायांचे सांधे धरलेले. थंडीत तिला चार पावलंसुद्धा चालवत नसत. मग नोल्फा वीट शेगडीवर कोमट करायची, नवऱ्याच्या जुन्या लोकरी स्वेटरात दोनदा गुंडाळायची आणि पिंजऱ्याच्या लाकडी तळाखाली सरकवायची. तीही निम्म्या भागाखालीच. दुसरी बाजू थंड. का, तर तिला नको वाटलं तर सरकून जाता यावं. आणि ठेवण्याआधी मनगटाच्या आतल्या बाजूला वीट लावून साठ अंक मोजायची. मी म्हणायची, "अगं, ससा आहे तो, राजकन्या नाही." ती मोजत राहायची. मध्ये बोललं की परत एकपासून.

उन्हाळ्यातही तोच कारभार. जानेवारीत आमच्याकडे माणसं भाजून निघतात आणि ह्या जातीला घाम येत नाही म्हणे. नोल्फा बाटलीत पाणी गोठवायची, लोकरी मोज्यात घालायची आणि पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात ठेवायची, सशिणीपासून हातभर लांब. सावलीत एक फरशी टाकून द्यायची. मार्सियानं आन्तोफागास्ताहून एक गार गादी पाठवली होती, आत निळी लापशी भरलेली. पांत्रुकानं दुसऱ्याच दिवशी तिचा कोपरा कुरतडला. नोल्फानं ती तिच्या तोंडातून काढली आणि थेट कचऱ्यात. हिवाळ्यात विजेची गरम गादी आली, तर ती वायर गुंडाळून कपाटात गेली. "दात आहेत तिला," नोल्फा म्हणाली. "जे जे पोटात जाऊ शकतं, ते ते जाणार असं धरून चालायचं."

हे वाक्य मी माझ्या ह्या कानांनी ऐकलंय. विसरले असं म्हणायला मला तोंड नाही.

ह्या बाईला एवढी धास्ती कशाची, ते मला फार उशिरा कळलं. एका दुपारी पाऊस लागला होता, मी भोपळ्याच्या सोपाइपिया तळत होते आणि ती आपणहून बोलली. तरुणपणी ती दक्षिणेकडच्या एका इस्पितळात मदतनीस होती. एका म्हाताऱ्याचं ऑपरेशन झालं होतं, कमरेखाली बधिर. पाय गार पडले म्हणून त्यानं हाक मारली. नोल्फानं रबरी पिशवीत गरम पाणी भरलं आणि पायांशी ठेवली. टॉवेल गुंडाळायचा राहिला, कारण पलीकडून दुसरं कुणी हाका मारत होतं.

"त्याला कळलंच नाही गं," ती म्हणाली. "'बरं वाटतंय पोरी, देव तुझं भलं करो,' असं म्हणाला मला. दोन तासांनी चादर काढली तेव्हा..." मी कढई खाली उतरवली.

मोठ्या नर्सबाईंनी तिला वाचवायचं ठरवलं होतं. पिशवीचं बूच गळकं होतं असं लिही म्हणाल्या. नोल्फा म्हणाली, "बूच चांगलं होतं. टॉवेल मी गुंडाळला नाही." झालं. तिची रवानगी धुलाईखात्यात. बावीस वर्षं तिनं इस्पितळाच्या चादरी धुतल्या, पुन्हा एकाही आजाऱ्याच्या अंगाला हात लावू दिला नाही तिला. मी म्हणाले, "डोंबलाचा खरेपणा तुझा! बूच गळकं म्हणाली असतीस तर काय आभाळ कोसळणार होतं?" ती म्हणाली, "त्या म्हाताऱ्याला वाटलं असतं की पिशवी वाईट होती. पिशवी वाईट नव्हती."

निवृत्त झाल्यावर ती चिय्यानला आली आणि गव्हाच्या पिशव्या शिवायला लागली. जाड सुती कापड, आत गहू, थोडं लॅव्हेंडर. मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं फिरवली की कमरेला, पोटाला, अंथरुणात पायांशी. आमच्या गल्लीत नोल्फाची पिशवी नाही असं घर नव्हतं. दोन लिबोरियोंच्या घरात तर तीन. माझ्याकडे एक होती, निळ्या चौकटीची.

गेल्या जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात, नोल्फाला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला कोन्सेप्सियोनला बोलावलं. एक मुक्काम. मी म्हणाले, "जा गं निवांत, पांत्रुकाला मी बघते." तिनं मला कागद दिला. दोन्ही बाजूंनी भरलेला! वीट किती वेळ, गुंडाळी किती, पाणी कुठे, गवत कुठलं, लेंड्या मोजायच्या. हो, लेंड्या मोजायच्या. शेवटी लिहिलं होतं: "सरकता येत नसेल तर उचलून थंड बाजूला ठेव. ती ओरडणार नाही. ससे ओरडत नाहीत."

"हिला विचारलंस का, माझ्याकडे राहायला चालेल का ते?" मी टोमणा मारला. नोल्फानं माझा हात धरला. "रविवारी फोन आहे, ओर्फे." एवढंच म्हणाली आणि बसमध्ये चढली.

त्याच दिवशी दुपारी धूरबंदी लागली. हिवाळ्यात आमच्या गावावर धुराचं झाकण बसतं, मग सरकार सांगतं, आज लाकडाची शेगडी पेटवायची नाही. माणसं फिरून धुराडी बघतात, आणि ती नाही आली तर दोन लिबोरियो आहेतच फाटकाला नाक लावून. शेगडी थंड, म्हणजे वीटही थंड. कागदावर त्याचाही उपाय होता. "धूरबंदी असेल तर वीट गॅसच्या ओव्हनमध्ये, मंद आचेवर अर्धा तास."

मी कागद वाचला. चार वाजले होते, घर गारठलं होतं, माझे गुडघे ठणकत होते. पांत्रुका पाठीची कमान करून कोपऱ्यात बसली होती. मी मनात म्हणाले, अर्धा तास त्या ओव्हनपाशी उभं राहायचं, एका विटेसाठी? हात्तिच्या! ही पिशवी आहे की. दोन मिनिटांचं काम.

आणि ऐका, मी निष्काळजीपणा नाही केला. म्हणजे मला तेव्हा तसं वाटलं. पिशवी दोन मिनिटं नाही, एकच मिनिट फिरवली. मनगटाला लावून साठ मोजले. होय, मी, जी तिची थट्टा करायची ती. टॉवेलमध्ये दोनदा गुंडाळली. निम्म्याच भागात ठेवली. पिंजऱ्यात आत ठेवली, कारण तळाखाली ती मावेना. पांत्रुका हळूच सरकत आली, हनुवटी टॉवेलवर टेकली आणि डोळे मिटले. मला इतका आनंद झाला सांगू! म्हटलं, नोल्फा आली की सांगेन, बघ बाई, तुझ्या विटेवाचून काही अडत नाही.

भाजू नये ह्याची काळजी घेतली. आत गहू आहे हे डोक्यातच आलं नाही.

सकाळी टॉवेल एका बाजूला ओढलेला, पिशवीचा कोपरा उघडा. निळ्या चौकटीचा तुकडा गायब आणि गहू नुसते चार-दोन दाणे पसरलेले. बाकीचे कुठे गेले ते कळायला मला दोन मिनिटं लागली. पांत्रुका पोट आवळून बसली होती, दात हलकेच घासत होती. गवताला तोंड लावेना. लेंडी एकही नाही. तिला शालीत गुंडाळून चार चौक पायी नेली, बसची वाट बघायचा धीर नव्हता.

प्राण्यांच्या डॉक्टर कात्रिलेओबाई तरुण आहेत, पण बोलायला चोख. पोट दाबून बघितलं, फोटो काढला. "काय खाल्लं?"

"गहू."

"कोरडा?"

"भाजलेला म्हणा. पिशवीतला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "नोल्फाबाई असं काही देणार नाहीत."

"नोल्फाबाई गावात नाहीत," मी म्हणाले, आणि त्या पुढे काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. त्यांनी सुई दिली, कातडीखाली पाणी दिलं, पोट चोळायला शिकवलं. म्हणाल्या की गहू आत फुगलाय, आतडं थांबलंय, वय झालंय. आज आणि उद्या बघू.

नोल्फा दुपारी आली, उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी. बसथांब्यावर मला एकटीला बघितलं आणि एका डोळ्यानंच तिला सगळं कळलं. "जिवंत आहे?" तिनं विचारलं. मी मान डोलावली. घरी येईपर्यंत मी बोलत होते, रडत होते, देवाची शपथ घेत होते. ती म्हणाली, "हळू चाल, मला पायरी दिसत नाही." बाकी काही नाही.

डोळ्याच्या डॉक्टरांनी तिला वाकू नका म्हणून सांगितलं होतं. ती जमिनीवर बसली, मांडीवर पांत्रुका, आणि बोटांनी पोट चोळत राहिली. धूरबंदी उठली होती. तिनं मला वीट ठेवायला सांगितली. मी ठेवली, साठ मोजले, गुंडाळली. ती म्हणाली, "फार छान." मला त्या दोन शब्दांनी जितकं लागलं तितकं कुठल्याही शिवीनं लागलं नसतं. गुरुवारी सकाळी, मी चहा ओतत असताना, पांत्रुकानं तिच्या मांडीवरच जीव सोडला. आवाज नाही, काही नाही.

आणि गुरुवारनंतर रविवारच येतो हो. मी शुक्रवारी बाजारात जाऊन आले. कोंबड्यांच्या रांगेपलीकडे सशांचे पिंजरे असतात, खायला विकतात ते. एक पांढरी होती. अगदी तशीच, फक्त नाकाशी जरा करडी. मी नोल्फाला म्हणाले, "फोनवर काय कळतंय? पोरगी दोन हजार किलोमीटर लांब आहे. पोरीला सुख, तुला फोन. कुणाचं काय बिघडलं?"

"तिला सरकता येतं का?" नोल्फानं विचारलं.

"कुणाला?"

"बाजारातल्या सशिणीला. पांत्रुकाला मागचे पाय ओढत चालावं लागायचं. आयेलेन दर रविवारी पाय बघते." मग म्हणाली, "आणि पाय तसेच असते तरी नाही, ओर्फे."

रविवारी अकराला फोन वाजला. मी नेहमीच्या खुर्चीत. नोल्फानं पडद्यासमोर तोंड धरलं, पट्टीची बाजू पलीकडे वळवून, पोरीला दिसू नये म्हणून. "आयेलेन, पांत्रुका गेली. गुरुवारी. तिनं गव्हाची पिशवी फाडून गहू खाल्ला. पिशवी मी शिवली होती."

मी तोंड उघडलं. नोल्फानं दुसरा हात माझ्या गुडघ्यावर दाबला.

मग पोरीचा आवाज आला, एवढासा. "तूच म्हणायचीस, जे पोटात जाऊ शकतं ते जाणार म्हणून." आणि फोन बंद.

"खोटं का बोललीस?" मी ओरडले. "आयुष्यभर खरेपणा मिरवलास आणि आता?"

"पिशवी मी शिवली नव्हती का?"

"ठेवली मी!"

"तिला आजी एकच आहे. शेजारणीवर रागावून ती काय करेल? माझ्यावर रागावली तर निदान मला कळेल तरी तिला काय वाटतंय." असलं काहीतरी ती म्हणाली. मला पटलं नाही, पण मी गप्प बसले. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. त्याचीच आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

पुढच्या रविवारी अकरा वाजले, फोन वाजला नाही. मार्सियाचा निरोप आला की पोरगी खोलीतून बाहेर येत नाही, थोडे दिवस जाऊ दे. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. नोल्फा अकरापासून बारापर्यंत फोन मांडीवर घेऊन बसायची, जिथे पांत्रुका असायची तिथे. तिच्या डोळ्यात औषध मी घालत होते, दिवसातून चार वेळा. तिला स्वतःला जमत नव्हतं. शेगडीवरची वीट तिनं काढली नव्हती. मीही काढ म्हणाले नाही.

तिसऱ्या शनिवारी मी माझ्या घरी गेले, दार लावलं आणि मार्सियाला फोन केला. म्हटलं, पोरीला दे. ती येत नाही म्हणाली. म्हटलं, तिला सांग पांत्रुकाचं आहे.

"बोल," आयेलेन म्हणाली.

"मी ओर्फेमावशी. आजीनं तुला अर्धंच सांगितलं. ती तिथे नव्हतीच. कोन्सेप्सियोनला होती, डोळ्याच्या ऑपरेशनला. पिशवी मी ठेवली. तिनं मला वीट ठेवायला सांगितली होती, कागदावर लिहून."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"मग वीट का नाही ठेवलीस?"

"ओव्हन अर्धा तास पेटवायला लागला असता. कंटाळा केला."

"कंटाळा?"

"हो."

मला वाटलं ठेवला फोन. मग ती म्हणाली, "आजीच्या कुठल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं?"

"उजव्या."

"मला सांगितलंच नाही तिनं."

तू कधी विचारलं होतंस, हे माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. गिळलं.

"औषध कोण घालतं?"

"मी."

मग खुर्ची ओढल्याचा आवाज. "कागद घे," दहा वर्षांची पोरगी मला म्हणाली. "आधी हात धुवायचे, साबणानं. बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही. शेगडी पेटलेली असेल तर तिला तोंड करून बसवायचं नाही, धूर जाईल डोळ्यात. किती वेळा घातलं ते लिहून ठेवायचं. आजी दुखतंय म्हणणार नाही, तिला विचारायचं. लिहिलंस?"

"लिहिलं."

"आणि कंटाळा करायचा नाही."

दुसऱ्या दिवशी अकराला फोन वाजला. फोन मी टेबलावर मातेच्या भांड्याला टेकवून उभा केला. आयेलेन आजीशी बोलायच्या आधी म्हणाली, "ओर्फेमावशीचे हात दाखव."

मी दोन्ही हात पडद्यापुढे धरले, ओले, नुकतेच धुतलेले. तिनं बघितले. मला एक शब्द बोलली नाही, अजूनही बोलत नाही. मग म्हणाली, "आता डोळा दाखव, आजी."